उगवतीच्या राज्यातील दोरखेचीचे वर्तमान

श्रीगजाननास वंदून, जे पाहिले ते लिहितो, आणि न पाहिले ते पाहणारांस पुसोन लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, मंदवार म्हणजे शनिवार, ऐन सीमोल्लंघनाचे दिवशी उगवतीकडील एका राज्यात पाठशाळेच्या मैदानी थोर युद्ध जाहले. त्या राज्याचा रिवाज ऐसा की, वर्षातून एक वेळ लेकरांच्या दोन फौजा कराव्या, एकीस तांबड्या टोप्या, दुसरीस पांढऱ्या, आणि दिवसभर धावावे, चेंडू फेकावे, दोर ओढावे, आणि आईबापांनी पहाटेच येऊन सतरंज्यांची जागा धरावी. तेथे त्रिंबकराव दाभोळे म्हणोन सांगलीकडील गृहस्थ कारखान्यात चाकरीस होते. उंची मोठी, घेर त्याहून मोठा. त्यांची कन्या शर्वरी, वय वर्षे नऊ, पांढऱ्या फौजेत होती, परंतु नवी म्हणोन तिजला कोणी खेळावयास घेत नसे.

मग पालकांच्या दोरखेचीचा पुकारा जाहला. रावसाहेबांस ती भाषा कळेना. एका बाईंनी अदबीने हात धरोन त्यांस दोरास लाविले आणि बार होताच रावसाहेबांनी ऐसा ओढा दिला की समोरची सारी माणसे तोंडघशी पडली. शर्वरी धावत आली आणि म्हणाली, "बाबा, ते आपले होते."

मग मोरिता म्हणोन मुख्य गुरुजी, मोठे न्यायी, त्यांनी फिरोन लढाई मांडिली आणि रावसाहेबांस पांढऱ्यांकडे दिले. तेव्हा तांबडे पडले. आता तिसरी लढाई, आणि हा असामी कोणाकडे जावा याजवर मोठा कलह माजला. गुरुजी विचारात पडोन म्हणाले, "पाहुण्यांस काढावे तर अपमान, ठेवावे तर अन्याय." मग त्यांनी दोर मधोमध कापविला आणि एक टोक रावसाहेबांच्या उजव्या हाती, दुसरे डाव्या हाती दिले. जिकडे रावसाहेब सरकतील तिकडे जय. आणि दुभाषी म्हणोन शर्वरीस जवळ उभी केली.

बार जाहला. दोहींकडून ओढ लागली आणि रावसाहेब जागचे हलेनात. मग लेकरेही दोरास लागली, आणि गुरुजनही लागले, आणि डबे घेऊन आलेल्या आज्या लागल्या, आणि रावसाहेब घामाने निथळले परंतु तसूभर सरकले नाहीत.

शर्वरी हळूच म्हणाली, "बाबा, थोडं आमच्याकडे या ना."

"मला मध्ये उभं केलंय, बाळा. असं येता येत नाही."

"हात दुखतायत का?"

"फार."

"मग सोडून द्या."

"कोणता सोडू?"

तिने तांबड्यांकडे पाहिले, पांढऱ्यांकडे पाहिले आणि बापाच्या थरथरत्या दंडांकडे पाहिले. "दोन्ही."

रावसाहेबांनी दोन्ही सोडिले. तत्क्षणी उभय फौजा, गुरुजन व आज्यांसुद्धा, उताण्या पडल्या आणि मैदानात धुळीचा लोट उठला. बापलेक तेवढे उभे. पांढऱ्यांची सेनापती हानाए, सहाव्या इयत्तेतील करारी मुलगी, धूळ थुंकीत उठोन आली व शर्वरीस म्हणाली, "सोडा म्हणोन तूच सांगितलेस?"

शर्वरी म्हणाली, "होय, मीच."

"आमचीच माणसे पडतील हे ठाऊक होते?"

"होते."

हानाए पोट धरोन हसली. म्हणाली, "पुढे घोडदळाची लढाई आहे. तिघी मिळोन घोडा होतो, वर बसावयास न डगमगणारे कोणी पाहिजे. चल."

मग शर्वरी तीन मुलींच्या खांद्यांवर स्वार होऊन निघाली आणि तांबड्यांच्या टोप्या ओढीत सुटली. तिने मागे वळोन पाहिले नाही. रावसाहेबांस टाळी वाजवावी ऐसे फार वाटले, परंतु दुखरे हात उचलेनात. मग शेजारच्या सतरंजीवरील आजींनी आपण होऊन त्यांच्या वाटणीची टाळी वाजविली.

येणेप्रमाणे युद्ध जाहले. दोरखेचीचा जय कोणाचा, याजविषयी त्या राज्यात अद्याप मतभेद आहे. कन्या सोमवारी शाळेस उड्या मारीत गेली, याजविषयी नाही. इति.