अंधार सल्लागार

माणूस शांतता शोधायला जंगलात येतो आणि ती सापडली की तासाभरात कंटाळतो, हे पर्यटनशास्त्राचं मूलतत्त्व आहे. वाघ दिसला तर निदान फोटो बघण्यात वेळ जातो. नाही दिसला तर संध्याकाळ जाता जात नाही, आणि माणसं एकमेकांशी बोलायला लागण्याचा धोका निर्माण होतो. हे संकट ओळखून मोहर्लीच्या रस्त्यावरच्या ‘व्याघ्रनाद’ रिसॉर्टने नाईट क्लब काढला. पाहुण्यांना पहाटेच्या सफारीला उठायचं असल्यामुळे हा क्लब दिवेलागणीला उघडे आणि जेवणाच्या वेळेला बंद होई. (रात्री झोपणारा बहुधा हा देशातला एकमेव नाईट क्लब.)

क्लबच्या रोषणाईचं काम शेजारच्या पिपरटोला गावच्या निकेशला मिळालं. रिसॉर्टच्या मंजुषा मॅडम या ‘अनुभव संचालिका’ होत्या (कोणाच्या अनुभवाच्या, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं) आणि माहितीपत्रकात छापायला त्यांना एक स्थानिक कलाकार हवा होता. निकेश आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. कलाकार असल्याचं त्याला त्याच दिवशी कळलं.

त्याचं नाव झालं होतं ते शेतातल्या दिव्यांमुळे. धानात रानडुकरं शिरू नयेत म्हणून लोक बांधावर लुकलुकणारे दिवे लावतात. पण डुक्कर हा अभ्यासू प्राणी आहे. दिवा एकाच तालात लुकलुकला, तर आठवड्याभरात त्याला सवय होते आणि मग तो त्याच उजेडात निवांत जेवतो. निकेशने असे एलईडी बसवले की ताल कधी जुळूच नये. दोन झटके लागोपाठ, एक उशिरा, मध्येच काळोख, मग भलत्याच कोपऱ्यातून लाल. लटारूभाऊंच्या शेतात त्या हंगामात एक डुक्कर फिरकलं नाही.

“मलेच पाहून भेव वाटते,” लटारूभाऊ अभिमानाने सांगत, “त डुकराले काऊन नाई वाटनार?”

मंजुषा मॅडम म्हणाल्या, “निकेश, मला काहीतरी रानटी हवंय. एकदम रॉ.” निकेशला रानटी म्हणून एवढंच येत होतं. त्याने छताला रंगीत पट्ट्या लावल्या, आभाळात झोत फेकणारे दिवे गच्चीच्या चारी कोपऱ्यांत बसवले आणि सगळ्यांत लटारूभाऊंच्या बांधावरचाच ताल भरला. पहिल्याच संध्याकाळी पाहुणे बेभान झाले. असा बेभरवशाचा ताल गोव्यातही पाहिला नाही, असं पुण्याच्या एका संगणक अभियंत्याने लिहून दिलं. रिसॉर्टच्या पाहणीनुसार, वाघ न दिसलेल्यांपैकी नव्वद टक्के लोक दुसऱ्या गाण्यापर्यंत वाघाला विसरत. उरलेले दहा टक्के, कोणता वाघ, असं विचारत.

आता कोणी म्हणेल, जंगलाला लागून एवढा उजेड चालतो का? नाही चालत. पिपरटोल्याला हे चांगलं ठाऊक होतं. गावाच्या टोकाला, झाडोऱ्याला चिकटून बोरिंग आहे, म्हणजे हातपंप आणि त्याखाली कायम साचलेलं डबकं. तिथे एक खांब आहे आणि खांबावर दिवा नाही. निकेशची आई वच्छलाबाई रिसॉर्टमध्ये भांडी घासते. तिची सुट्टी होते दिवेलागणीला, आणि मग तिला त्या बोरिंगवरून पाणी आणायचं असतं. खांबावर एक दिवा द्या, असं गाव कित्येक वर्षं मागत आलं आहे, आणि उजेडामुळे वन्यजीवांच्या नैसर्गिक वर्तनात बाधा येते, असं उत्तर त्याला तितकीच वर्षं मिळत आलं आहे. क्लबला ही अडचण आली नाही, कारण कागदोपत्री तिथे उजेड नव्हताच. तिथे ‘अनुभव’ होता, आणि अनुभवामुळे बाधा येते असं नियमात कुठेच म्हटलेलं नाही.

वन्यजीवांनी मात्र नियम वाचलेले नव्हते. रिसॉर्टच्या बाजूची रानडुकरं पहिल्या महिन्यात गेली, त्यांच्या मागून चितळं गेली, आणि जेवणच निघून गेल्यावर वाघ तरी तिथे बसून काय करणार? आसपास काळोख आणि पाणी दोन्ही असलेली एकच जागा उरली होती. पिपरटोल्याचं बोरिंग.

“निकेश, बोरिंगपाशी जनावर बसून राह्यते रे,” वच्छलाबाई एकदा म्हणाली. दिवस कलल्यावर वाघाचं नाव ती घेत नाही. “तुया त्या नाचाच्या लाईटमधला एखांदा इथी लाव ना, बापा.”

निकेशने उरलेला एक दिवा त्याच तालासकट खांबावर चढवला. त्या संध्याकाळपासून बोरिंगवर मांजरसुद्धा आलं नाही. वच्छलाबाई पितळी गुंड, म्हणजे घागर, भरून सरळ घरी आली, चूल पेटवली आणि जेवताना शेजारणीची नक्कल करून दाखवली. तिला असं हसताना निकेशने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. स्वतःच्या कामाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला.

पण प्रगती सगळ्याच बाजूंनी चालू होती. बोरिंगवर वाघ दिसतो, हे दरम्यान रिसॉर्टला कळलं होतं आणि त्यांनी ‘गावसफारी’ सुरू केली होती. ना गेट, ना परवाना, जीप थेट बोरिंगपर्यंत. निकेशचा दिवा लागला आणि जिपा रिकाम्या परतू लागल्या. ‘अनधिकृत प्रकाशस्रोतामुळे व्याघ्रदर्शनात लक्षणीय घट’ झाल्याची तक्रार गेली. पाहणीसाठी समिती आली (भर दुपारी आली, कारण संध्याकाळी तिथे जनावराची भीती असते). दिवा तात्काळ काढावा आणि गावाचा पारंपरिक अंधार कायमस्वरूपी जतन करावा, असं ठरलं. त्यासाठी उजेडातला जाणकार माणूस हवा होता.

अशा रीतीने निकेश पिपरटोल्याचा पहिला अंधार सल्लागार झाला. घराघरांतल्या बल्बांना जंगलाच्या बाजूने पत्रे ठोकणे आणि गावकऱ्यांना बॅटरी जमिनीकडे धरण्याचं प्रशिक्षण देणे, ही त्याची कर्तव्यं. नाही म्हणायचं त्याने मनातल्या मनात पक्कं केलं होतं. पण आईची नोकरी त्याच रिसॉर्टच्या मोरीत होती, त्यामुळे तोंडातून “हो मॅडम” निघालं. त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो खांबावर चढला आणि शिडी वच्छलाबाईने धरली, कारण दुसरं कोणी धरायला येईना.

“आता पानी कसं आनू?” तिने खालून विचारलं.

“गुंड वाजवत जा, माय. आवाजानं जाते ते.”

तेव्हापासून ती एका हातात गुंड आणि दुसऱ्या हातात पळी घेऊन जाते. गुंडाच्या आवाजावर नियमात अजून तरी काही म्हटलेलं नाही. गावसफारी पुन्हा भरभराटीला आली असून व्याघ्रदर्शनाची हमी दिली जाते.

तुम्हीही येऊन गेलात की मागच्या थंडीत. तुमचा तो बोरिंगपाशी बसलेल्या वाघाचा फोटो सगळ्यांना फार आवडला. ‘थेट माझ्या डोळ्यांत पाहताना’ असं तुम्ही त्याखाली लिहिलंय. तो तुमच्याकडे पाहत नव्हता. तुमच्या जीपच्या पुढ्यात, चौकटीच्या जरा बाहेर, वच्छलाबाई पळी उगारून उभी होती. ती गुंड वाजवणारच होती, तेवढ्यात तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. पाहुण्यांचा शब्द ती मोडत नाही. तिने पळी खाली घेतली.