रडणारं लेकरू हाय का?

शेषेराव तात्यांच्या मोटारसायकलच्या डिक्कीत लहान मुलाचा एक फाटका सदरा असतो. तो कुणा नातवाचा नाही. पत्रकारितेचा आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांवर बातमी करायची असली आणि नेमकं पोरगं धड कपड्यांत निघालं, की तात्या डिक्की उघडतात. "हे घाल रे वाघा, दोन मिंटं." पोरगं सदरा चढवतं, तात्या फोटो काढतात, सदरा परत डिक्कीत. त्या एकाच सदऱ्यात निरनिराळ्या गावांची पोरं पेपरात येऊन गेली. एकाही वाचकाने सदरा ओळखला नाही. वाचकांना हळहळायची घाई असते.

तात्या केजचे वार्ताहर. एका पेपरचे कायमचे, आणि मुंबईच्या एका वाहिनीचे बोलावतील तसे. टायपिंग येत नाही म्हणून तहसीलसमोरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन ते बातमी सांगतात आणि मी टाइप करतो. खुर्चीत मांडी घालून, डोळे मिटून सांगतात. लहान मुलगा असला की 'चिमुकला'. मुलगी 'कोवळी कळी'. मिसरूड फुटलेला कुणी कुठं सापडला की 'टोळके', मग तो एकटा का असेना.

"तात्या, एकट्याचं टोळकं कसं होईल?"

"तू टाइप कर बे. उरलेले फरार हायत."

कुठल्याही गावात गेले की पारावर गाडी लावून पहिला प्रश्न विचारतात, "रडणारं लेकरू हाय का?" भाजीवाल्याला मेथी विचारावी तसा.

दोष एकट्या तात्यांचा असता तर मी त्यांना दुकानात पाऊल ठेवू दिलं नसतं. पण मागणी वरून येते. नांदूरघाटच्या पोरांनी एकदा शाळेत सौर चूल बनवली, तिच्यावर भात शिजवला. मी हट्टाने ती बातमी पाठवायला लावली. पेपरच्या डेस्कवरून फोन आला, "कुणी भाजलं का?"

"न्हाई साहेब."

"मग पुढच्या वेळी बघू."

आमच्या जिल्ह्यातल्या पोराला पेपरात यायचं तर त्याने मरावं, पळून जावं, नाहीतर कोयता उचलावा. जे पोरगं सकाळी काळीपिवळी जीपला लटकून शाळेला येतं आणि संध्याकाळी म्हशीला पाणी पाजून अभ्यासाला बसतं, ते पेपरच्या हिशेबी जन्मालाच आलेलं नसतं.

या हिवाळ्यात एका सकाळी तात्या घाईघाईने आले. जवळच्या एका गावात अल्पवयीन मुलीचं लग्न पोलिसांनी थांबवलं होतं. तात्यांनी डोळे मिटले. "लिही. कोवळी कळी धाय मोकलून रडत पोलिसांच्या पाया पडली..."

"काका, मी रडले न्हवते."

आधारची झेरॉक्स घ्यायला आलेली एक मुलगी काउंटरपाशी उभी होती. तात्यांनी डोळे उघडले.

"हेल्पलाइनला मीच फोन केलता. पाया बिया कुणाच्या पडले न्हाई."

"ती तूच व्हय?" तात्यांचा हात सवयीने मोबाइलकडे गेला.

"छापू नका, काका. आता मी हितं मावशीकडं ऱ्हाते. मावशी म्हणली, बोभाटा झाला तर तुला ठिवून घेता येणार न्हाई. गावाकडं गेले की पुन्हा तेच. आन् मार्चमधी माझी धाव्वीची परीक्षा हाय."

"आमी नाव टाकत न्हाईत पोरी. चेहरा बी धूसर करतेत."

"गल्लीतल्या लोकांना चेहरा कशाला लागतोय? मावशीचं दार दिसलं तरी बास."

तात्यांनी मोबाइल परत खिशात टाकला. मला म्हणाले, "खोड ते."

पण वाहिनीला बातमी दुसरीकडून लागलीच. दोनच दिवसांत मुंबईची गाडी तात्यांना शोधत माझ्या दुकानाच्या दारात. काळा चष्मा लावलेला साहेब म्हणाला, "तात्या, ती मुलगी पाहिजे. नुसते डोळे दाखवले तरी चालेल. पण डोळ्यांत पाणी हवं."

मावशीचं घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत. तात्या म्हणाले, "चला. लई लांब हाय," आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मी दुकानाचं शटर ओढलं आणि मागे चढलो.

आधी नांदूरघाट. तिथे तात्या एकटेच उतरून एका टपरीवाल्याशी बोलून आले. "आत्याकडं गेली म्हणतेत." मग कुठल्याशा तांड्यावर. "परळीला नेली म्हणतेत." दिवस कलला तेव्हा आम्ही परळीच्या औष्णिक वीज केंद्राबाहेर उभे होतो, आणि साहेबाचा काळा चष्मा राखेने पांढरा झाला होता.

"हितल्या राखेचे फोटू घ्या की साहेब. लई भारी येतेत."

"राख रडते का, तात्या? तुम्हाला पत्ता माहीत आहे की नाही?"

"न्हाई सापडली, साहेब. वय झालं आता."

त्यानंतर वाहिनीचा फोन आला नाही. त्यांनी अंबाजोगाईचा एक तरुण मुलगा धरला. त्याला म्हणे सगळे पत्ते माहीत असतात.

मार्च आला. दहावीच्या परीक्षेत डेस्कला एकच फोटो हवा असतो, खिडकीला लटकून कॉप्या पुरवणाऱ्या पोरांचा. गणिताच्या दिवशी सकाळीच तात्या म्हणाले, "कॉपीची बातमी घेऊन येतो." परतले ते ऊन उतरल्यावर, मोकळ्या हातांनी.

"मिळाली का बातमी?"

"न्हाई बे."

"मग इतका वेळ होतात कुठं?"

"गेटासमोर बसलतो. ती पोरगी सगळ्यांत शेवटी बाहेर आली. मला वाटलं, गेलं वाटतं गणित. तर म्हणली, सगळी सोडवली काका, म्हणून टाइम लागला."

मी कीबोर्ड पुढे ओढला. "टाइप करू का?"

"कोण छापतंय ते?" तात्या म्हणाले. "माझ्या घरी सांगायला कुणी न्हाई. म्हणून हितं आलो."