शमुवेलआप्पांची नेमलेली जागा

"ठेवा! खाली ठेवा ते! आधी हात बघू!"

शिरूरच्या बाजारात भर दुपारी शमुवेलआप्पा असे ओरडले की शेजारच्या मेथीवालीनं घाबरून गिऱ्हाइकाच्या पिशवीत दोन जुड्या जास्त टाकल्या आणि पलीकडच्या गल्लीतला एक बैल दावं तोडून पार घोडनदीच्या पुलावर जाऊन थांबला. समोरच्या माणसानं हातातलं जाडजूड पुस्तक असं टाकलं, जणू त्यातून विंचूच निघाला. तो न्हावऱ्याचा बागाईतदार होता. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याला ते पुस्तक विकत घ्यायचं होतं.

"कशाला पायजे?" आप्पांनी चष्म्यावरून विचारलं.

"वाचायला की."

"दिसाला किती पानं वाचता?"

"आता सवड मिळंल तशी..."

"ह्याला सवड चालत न्हाई. सहाशे चाळीस पानं हायेत. देवाची निवड, देवाची कृपा आन् माणसाची लायकी. लायकीला तीनच पानं हायेत, ती बी बारीक टायपात. झेपंल?"

"आन् न्हाई झेपलं तर?"

"तर तुमच्यासाठी नेमलेलं नव्हतं."

बागाईतदार गुळाच्या ढेपांकडे निघून गेला. आप्पांनी पुस्तकावरून फडकं फिरवलं आणि एक विक्री टळल्याच्या समाधानात तपकिरीची चिमूट ओढली. गिऱ्हाईक हुसकावून लावण्यासाठी एस.टी.च्या टपावर लोखंडी ट्रंक टाकून दौंडहून शिरूरला येणारा दुकानदार मी तरी हा एकच पाहिला.

मी दौंड स्टेशनात पार्सल ऑफिसचा कारकून. देवाधर्माच्या बाबतीत माझं साधं होतं: गाडी वेळेवर आली की आस्तिक, न आली की नास्तिक. म्हणजे वर्षातले तीनशे दिवस नास्तिकच. आप्पा माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. आधी सांधेवाले आणि पुढे केबिनमध्ये, अशी तीस वर्षं त्यांनी रेल्वेत काढली. रिटायर झाल्यावरही त्यांना कुणी क्वार्टरमधून हलवलं नाही, कारण हलवायला जो साहेब यायचा त्याला आप्पा पूर्वनिवडीचा, म्हणजे कुणाला तारायचं ते देवानं आधीच ठरवून ठेवलंय असा, सिद्धांत समजावून सांगायचे. तो साहेब परत यायचा नाही. एकानं तर म्हणे बदलीच मागून घेतली.

हा सिद्धांत मीही शेकडो वेळा ऐकला. "पार्सलबाबू, गाडी कुठल्या रुळावर जायची ते गाडी ठरवती का?"

"नाही, आप्पा."

"डायवर?"

"नाही."

"सांधा कोण वढतो?"

"सांधेवाला."

"झालं तर मग! प्रभूनं जगाच्या स्थापनेच्या आधीच सांधे वढून ठेवलेत. तुम्ही निस्ती शिट्टी मारायची."

देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तर त्यांचा दरारा स्टेशनमास्तरहून मोठा. दर रविवारी पहिल्या बाकावर बसून, कानामागं पेन्सिल खोचून पाळकसाहेबांचा उपदेश तपासायचे. उपासना सुटली की दारातच साहेबांना गाठायचे. "सलाम, साहेब. उपदेश बरा झाला. फक्त तिसऱ्या मुद्द्यात माणसाला फार भाव दिलात." पाळकसाहेब तरुण होते, भले होते. पुढं पुढं ते उपदेशात तिसरा मुद्दाच घेईनासे झाले. आणीबाणीत सगळा देश सरकारला घाबरत होता. आमच्या मंडळीला तेवढी फुरसत नव्हती, ती आप्पांना घाबरण्यात गुंतलेली होती.

एकदा पाटसच्या पुढं एस.टी. बंद पडली. उसाच्या दोन ट्रकांमध्ये, उन्हात. लोक ड्रायव्हरला नको ते बोलू लागले तेव्हा आप्पा सीटवर उभे राहिले आणि यात देवाचा हेतू काय असावा यावर अर्धा तास बोलले. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "मामा, हेतू राहू द्या, खाली उतरून धक्का मारा."

"धक्का मारणारे बी नेमलेले असत्यात," आप्पा खाली बसत म्हणाले. "त्यांच्यात मी न्हाई."

पण त्यांच्या सायकलचा पंप चोरीला गेला त्या दिवशी सगळी आळी ऐकत होती. "हे नेमलेलं न्हाई! हे आळीतल्या भान्यानं नेलंय!" पंप माळ्यावर सापडला. आप्पांनीच ठेवला होता. ते म्हणाले, सापडणं मात्र नेमलेलं होतं.

त्यांची पुस्तकं माझ्याच काट्यावर उतरायची. वर्षातून दोनदा, नाताळानंतर आणि ईस्टरनंतर, आप्पा स्वतः पोस्टकार्ड टाकून मागवायचे आणि पुण्याहून लाकडी खोकं यायचं. आमचा हमाल ते उचलताना म्हणायचा, "यात देव हाय का दगड?" वर जाड ग्रंथ असायचे आणि तळाशी रोजच्या विश्वासावरच्या पातळ पुस्तिका. राग आला तर काय करावं, जेवणाआधी कशी प्रार्थना करावी, आणि एक हिरव्या कव्हराची, मुलांना कसं वाढवावं त्याची. जाड ग्रंथासाठी परीक्षा घेणारे आप्पा ही हिरवी पुस्तिका मात्र कुणालाही नुसती देऊन टाकायचे. कडेवर पोर असलेली बाई दिसली की पिशवीत सारायचे. "घ्या. मला लई उशिरा मिळाली," एवढंच म्हणायचे.

आता मला न सुटलेलं कोडं हे होतं, की हे दुकान शिरूरलाच का? वाटेवर केडगाव. तिथं मिशनची जुनी वस्ती, ख्रिस्ती मंडळी भरपूर, वाचणारी. तिथं चार पुस्तकं सहज विकली गेली असती. शिरूरच्या बाजारात कांदा खपतो, शेळी खपते. पूर्वनिवडीचा सिद्धांत सहा वर्षांत तीन प्रतींच्या वर गेला नव्हता. त्यातली एक तराजूच्या पासंगाला गेली होती. विचारलं की आप्पा म्हणायचे, "ती जागा नेमलेली हाय." बहात्तरच्या दुष्काळात बाजारात माणसांपेक्षा कावळे जास्त होते, तरी आप्पा तिथं. ताप असला, पाऊस असला, तरी आप्पा तिथंच. एक बाजार चुकवला नाही.

म्हणून मी एकदा रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो, आणि बागाईतदाराचा तो प्रसंग पाहिला. तो पळाल्यावर मी आप्पांकडं पाहिलं. आप्पा माझ्याकडं पाहत नव्हते, गिऱ्हाइकांकडंही नाही. ते रस्त्यापलीकडं पाहत होते. तिथं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं एक दुकान होतं. आत एक तिशीचा माणूस तांब्याची तार गुंडाळत बसला होता. त्यानं मान वर केली. तेवढ्यात आप्पांनी मान खाली घातली. मग त्यानं घातली, यांनी वर केली. फाटकाच्या दांड्यासारखं चाललं होतं. मी चहाचं निमित्त काढून पलीकडं गेलो.

"आप्पांच्या शेजारचे ना तुम्ही?" माणूसच म्हणाला. "मी दानिएल. त्यांचा पोरगा."

सहा वर्षं शेजारी राहून मला आप्पांना मुलगा आहे हे ठाऊक नव्हतं! माझी बदली दौंडला झाली त्याच्या थोडंच आधी हे झालेलं. दानिएलनं शिरूरच्या सुमनशी कोर्टात लग्न केलं. सुमनच्या घरचे बौद्ध. तिनं बाप्तिस्मा घ्यावा असा आप्पांचा हट्ट, आणि घ्यायचा का नाही ते तिचं तिनं ठरवावं असं दानिएलचं म्हणणं. भांडण वाढलं तेव्हा आप्पा भर ओसरीवर म्हणाले, "निवडलेल्यांत तुझं नाव मला दिसत न्हाई." दानिएल म्हणाला, "मग ह्या घरात राहून उपेग काय?" आणि निघाला. पुढच्याच बाजाराला आप्पा ट्रंक घेऊन समोर येऊन बसले. तेव्हापासून बसलेले आहेत.

"अहो, मग जा ना पलीकडं!" मी म्हणालो. "बारा पावलांचा रस्ता आहे!"

"माझं नाव त्यांनी खोडलंय," दानिएल तार गुंडाळत म्हणाला. "त्यांना यायचं नेमलेलं असंल तर येतील."

सुमन आतून चहा घेऊन आली. कडेवर चार वर्षांची मुलगी होती. ती बोट दाखवून म्हणाली, "ते पुस्तकवालं आजोबा." कुणी तिला दुसरं नाव सांगितलेलं नव्हतं.

मी परत येऊन आप्पांना म्हणालो, "जा की, आप्पा, नातीला तरी बघून या."

"हाक मारणं देवाचं काम हाय," आप्पा म्हणाले. "माणसानं मधी लुडबूड करू न्हाई. त्याला यायचं नेमलेलं असंल तर येईल."

तुम्हीच सांगा. एका बापानं एका पोराकडून लहानपणापासून असं पाठ करून घेतलं, की आता दोघंही रस्त्याच्या दोन बाजूंना बसून देवानं दुसऱ्याला ढकलावं याची वाट बघताहेत! देव तरी कुणाकुणाला ढकलणार? मला तर वाटलं, त्यानंही वैतागून शिरूरचा बाजार सोडून दिला असेल.

मग मी ठरवलं, हा सांधा आपणच ओढायचा. थाप मारण्याच्या कामी माझी नेमणूक जन्माच्या आधीच झालेली आहे, याबद्दल मला शंका नव्हती. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी मी आप्पांना म्हणालो, "आप्पा, पुण्याहून तार आलीय. तुमचं मोठं पार्सल निघालंय. उद्या कुठल्या गाडीला येईल सांगता येत नाही. तुम्ही स्वतः सहीला पाहिजे. बाजार बुडवा."

आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता दिसाला किती थापा मारतो ते विचारणार.

"उद्या? बाजारच्या दिशी?" ते म्हणाले.

"उद्याच."

"बरं," म्हणाले आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पार्सल ऑफिसात हजर. हातात नेहमीची ट्रंक, अंगात नाताळचा काळा कोट, दाढी गुळगुळीत, डोक्याला तेल. पुस्तकाचं खोकं घ्यायला नवरदेवासारखं कोण येतं, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही. कारस्थान करणारा माणूस स्वतःच्या हुशारीवर इतका खूष असतो की त्याला समोरचं दिसत नाही. आप्पा बाकावर बसले तेही रुळांकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. गाड्या आल्या, गेल्या. पंजाबकडची आली, मद्रासकडची गेली. आप्पांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. एस.टी. स्टँडच्या बाजूनं टांगा आला की मात्र चष्मा पुसायचे.

दुपारी मी म्हणालो, "आप्पा, डबा खाऊन घ्या." एरवी एका भाकरीतली अर्धी टाकणारा माणूस. त्या दिवशी डब्यात पाच भाकऱ्या होत्या. "थांबू जरा," म्हणाले.

चारच्या सुमाराला दानिएल आला. हाताला तेल, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायातली बहुतेक चौफुल्याला राहिलेली. आधी क्वार्टरवर जाऊन आलेला असणार, कारण धापा टाकत माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला, "पार्सलबाबू, आप्पा आज बाजारला आलं न्हाईत. क्वार्टरला कुलूप हाय. ते..."

मी नुसतं बाकाकडं बोट दाखवलं.

तो वळला. आप्पा उठले नाहीत. दोघांमध्ये वजनकाटा आणि केळीचे सहा घड. आमचा हमाल हातातली पाटी तशीच धरून उभा राहिला.

"बरं हाय ना?" दानिएल म्हणाला.

"बरा हाय. तू दुकान टाकून आलास?"

"व्हय."

आता हे दोघं तेवढ्यावरच थांबतील, उलट्या पावली जातील आणि पुन्हा सहा वर्षं बसतील अशी मला धास्ती पडली. पण दानिएल त्यांचाच शिष्य. म्हणाला, "आप्पा, एक प्रश्न इचारू? लहानपणी तुम्ही इचारायचा, तसा."

"इचार."

"निवड कोण करतो?"

"देव."

"बाप करतो?"

आप्पांनी कोटाचं वरचं बटण काढलं, परत लावलं.

"बाप न्हाई करत," ते म्हणाले.

"मग यादी तुमच्याकडं कशी आली?"

पाळकसाहेबांच्या तीनशे उपदेशांना पुरून उरलेला माणूस. कानामागं पेन्सिल चाचपू लागला. हमालानं पाटी हळूच खाली ठेवली. शेवटी आप्पा बाकावर थोडे सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

"यादी न्हाई माझ्याकडं," ते म्हणाले. "कवाच नव्हती. बस. भाकरी खा."

दानिएल बसला. तीन भाकऱ्या त्यानं खाल्ल्या, एक आप्पांनी. उरलेली आप्पांनी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली आणि वर ट्रंकेतली ती हिरवी पुस्तिका. "पोरीला हे लागू न्हाई पडायचं," म्हणाले, "ती शानी हाय. मी लांबून बघितलंय." मग दोघं मिळून संध्याकाळच्या एस.टी.नं शिरूरला गेले. ट्रंक माझ्याच ऑफिसात राहिली.

आप्पा चार दिवसांनी परतले. मी तोवर सगळ्या स्टेशनात सांगत सुटलो होतो, की जे काम देवाला सहा वर्षांत जमलं नाही ते एका थापेत केलं. पण आप्पा ट्रंक न्यायला समोर येऊन उभे राहिले तेव्हा मला राहवलं नाही.

"आप्पा," मी म्हणालो, "एक कबूल करायचंय. रागावू नका. ते पार्सल, ती तार, काहीच नव्हतं. मी चक्क खोटं बोललो."

आप्पांनी ट्रंकेचं कडं हातात धरलं, वजनाचा अंदाज घेतला.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "पोस्टकार्डच टाकलं नव्हतं मी."