पंपाचा दांडा आणि सिंहाचा मुहूर्त

एका जंगलात, बाळांनो, सिंह होता म्हणून राज्य होते आणि हातपंप होता म्हणून प्रजा होती.

पंपाचा दांडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता. सटवाजी अस्वलाने तो काही वर्षांपूर्वी वाळूच्या साच्यात ओतला होता. यंदा भर चैत्रात त्याला चीर गेली. नदी आधीच आटलेली. पंपाजवळच्या हौदात काय ते अर्धे पाणी उरले.

तानूबाई चितळ आपले पाडस घेऊन अस्वलाकडे आली. पाडसाची जीभ कोरडी पडली होती.

"सटवाभाऊ, जुळेल का हो दांडा?"

"जुळेल, बाई. आधी निखाऱ्यात तापवतो. मग थोडे थोडे वेल्डिंग करतो. मग रात्रभर गरम राखेत पुरून ठेवतो. बिडाला एकदम गार केले की ते तडकते. उद्या सकाळी पाणी प्या. तोवर हौद पुरेल."

त्याच सकाळी काम सुरू झाले. बघायला अख्खे जंगल जमले.

अस्वलाने डोळ्यांपुढे काळी काच धरली आणि म्हणाले, "पाठ फिरवा रे. हा उजेड डोळ्यांना वाईट."

तरस प्रधान होता. तो गुरगुरला, "महाराजांच्या कामाकडे पाठ? कोण फिरवतो ते बघतोच!"

मग काय, कोणीच फिरवली नाही. तानूबाईने तेवढे पाडसाचे तोंड आपल्या पोटाशी दाबून धरले.

काम झाले. अस्वलाने दांडा राखेत पुरला आणि जरा टेकले. इतक्यात तरस परत आला.

"काढ तो बाहेर. आज संध्याकाळी मुहूर्त आहे. महाराज स्वतः पंप हापसणार."

"प्रधानजी, सकाळपर्यंत दम धरा. आतून अजून धगधगतोय."

"महाराजांचा पंजा भाजेल म्हणतोस?"

"पंजा भाजेल ते वेगळेच. दांडा तडकेल."

"पंजा भाजेल एवढेच मी ऐकले," तरस म्हणाला. "अरे, हौदातले पाणी ओता यावर!"

"प्रधानजी, तेवढेच पाणी आहे हो!" तानूबाई कळवळली.

"वेडी कुठली! पंप सुरू होतोय. आता जुने पाणी कशाला जपायचे?"

माकडांनी दांडा काठ्यांनी उपसून पंपाला बसवला. हत्तीने हौद सोंडेत ओढून त्याच्यावर रिता केला. वाफेचा लोट उठला. वाफेतून 'टण्ण' असा आवाज आला. अस्वलाने डोळे मिटले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, शुभारंभाची घंटा झाली.

एव्हाना संध्याकाळ झाली होती आणि सकाळच्या वेल्डिंगच्या उजेडाने सगळ्यांचे डोळे सुजले होते. वाळू गेल्यासारखे खुपत होते. धारा लागल्या होत्या. सिंह झोपेतून उठून आला, त्याने ती सभा पाहिली आणि त्याला भरून आले.

"बघा प्रधानजी, काय ही माया! किती रडताहेत!"

त्या दिवशी जंगलात पाणी होते ते एवढेच.

सिंहाने दांडा धरला, जोर लावला. अर्धा दांडा त्याच्या पंजात आला.

तरस मोठा हुशार. तो ओरडला, "काय हे बळ! बीडसुद्धा टिकले नाही! बोला, महाराजांचा विजय असो!"

विजयाचा घोष झाला. तुटका दांडा वाजतगाजत दरबारात गेला आणि सिंहासनाच्या मागे टांगला गेला. दांडा कच्चा जोडल्याबद्दल अस्वलाला समज मिळाली.

सभा पांगल्यावर तानूबाई हळूच म्हणाली, "सटवाभाऊ, दुसरा ओता ना."

"ओतला असता गं. लोखंड आहे, भट्टी आहे. पण साच्याची वाळू भिजवायला तांब्याभर पाणी लागते."

तानूबाईने कोरड्या हौदाकडे पाहिले. मग पाडसाला पुढे घातले आणि डोंगरापलीकडच्या जंगलाची वाट धरली. तिकडे पाणी आहे की नाही, तिला ठाऊक नव्हते. अस्वल टेकडीपर्यंत पोचवायला गेले. दोघांचेही डोळे गळत होते, पण कशाने, ते आता कोणी विचारले नाही.

तात्पर्य : तडकलेले जोडायला नुसते कसब पुरते. जोडलेले तडकवायला मात्र मोठा अधिकार लागतो. तेव्हा बाळांनो, खूप शिका, मोठे व्हा, आणि कसबाच्या नादी लागू नका.