डोळे मिटून ऐकण्याची पद्धत

मिस लुएला पेटवे यांच्या व्हॅनचा गिअरबॉक्स वसंतात निकामी झाला आणि आमच्या न्यासाने त्याची तत्परतेने दखल घेतली, हे सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं. पुढे जे घडलं त्यात कुणी दखल घेण्यात कुचराई केली, असं म्हणायला जागा नाही.

ही व्हॅन दर शनिवारी ब्राँक्समधून निघायची आणि राज्याच्या पार वरच्या टोकाला, कॅनडाच्या सीमेला चिकटलेल्या तुरुंगापर्यंत आया, बायका आणि पोरं पोचवायची. मिस लुएला स्वतः काही वर्षं आत काढून आलेल्या. त्यांना भेटायला कुणी येत नसे, म्हणून बाहेर आल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला. मी न्यासाचा अनुदान अधिकारी, कॅल्डर. तुरुंगसुधारणा विभाग माझ्याकडे आहे. तोवर मी तुरुंगात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण त्या विषयात माझी पदवी आहे.

आमच्या न्यासाचा पैसा मूळचा कुलुपांचा. संस्थापकांनी अर्ध्या देशाच्या तुरुंगांना कुलुपं पुरवली, त्यांच्या नातवंडांना त्याचं वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातून न्यास उभा राहिला. कारखाना अर्थातच चालू आहे. तो बंद पडला तर सुधारणेला पैसा कुठून येणार?

मिस लुएला आमच्या मॅनहॅटनच्या कचेरीत आल्या त्या मदर टॉलिव्हर यांना हाताला धरून. मदर टॉलिव्हर म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाई, म्हणून सगळ्यांच्या 'मदर'. त्यांचा मुलगा थेरॉन त्या वरच्या तुरुंगात होता.

आमच्याकडे बैठक सुरू होताना प्रत्येकजण आपल्या मनाचं हवामान सांगतो. आमच्या संचालक कॉर्डेलिया म्हणाल्या, "ढगाळ, पण आशादायी." मी म्हणालो, "मंद झुळूक." मिस लुएला म्हणाल्या, "गिअरबॉक्स गेलाय." मग मदर टॉलिव्हर यांची पाळी आली.

"धुकं आहे, बाळा," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्यात जास्त."

कॉर्डेलिया यांनी या प्रांजळपणाबद्दल त्यांचे आभार मानले. मग मिस लुएला यांनी खुलासा केला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत म्हातारीला फक्त उजेड आणि अंधार कळेल, माणसं कळणार नाहीत. त्याआधी तिला एकदा लेकाचा चेहरा बघायचा होता. लांब पल्ल्याच्या बसगाड्या होत्या, पण त्या दोनदा बदलाव्या लागत आणि तिचे गुडघे तेवढं चढउतार करू देत नव्हते. व्हॅन दारापासून दारापर्यंत नेत होती.

हे सगळं आम्ही डोळे मिटून ऐकलं. ही आमच्या न्यासाची पद्धत आहे. कुणी दुःख सांगू लागलं की आम्ही डोळे मिटतो आणि उजवा हात छातीवर ठेवतो. चेहरा दिसला की पूर्वग्रह जागे होतात. न दिसला की माणूस थेट काळजात उतरतो. त्यासाठी आम्हाला दरवर्षी डोंगरात नेऊन प्रशिक्षण देतात.

"लुएला," मदर टॉलिव्हर कुजबुजल्या, "मला नीट दिसत नाही, पण हे सगळे झोपले का गं?"

"नाही, मदर. ऐकताहेत."

"मग डोळे का मिटलेत?"

"पैसेवाले आहेत. त्यांच्यात तशी रीत असेल."

आम्ही डोळे उघडले. कॉर्डेलिया यांचे ओले होते. "आम्ही ऐकलं," त्या म्हणाल्या. आमच्या न्यासात 'नाही' म्हणण्याची प्रथा नाही. नकार दिला की मागणाऱ्याच्या आत्मसन्मानाला धक्का पोचतो, म्हणून आम्ही 'ऐकलं' म्हणतो.

"म्हणजे गिअरबॉक्स मिळणार?" मिस लुएला यांनी विचारलं.

"गिअरबॉक्स हे लक्षण आहे," मी समजावलं. "आम्ही मुळाशी काम करतो."

"मुळाशीच गेलाय तो. तेल गळतंय. मेकॅनिकने व्हॅनखाली वाकायला लावून दाखवलं मला."

मग मी त्यांना शांतपणे सगळी साखळी उलगडून दाखवली. व्हॅन चालली की आया तुरुंगातल्या मुलांना भेटतात. भेटल्या की मुलं शांत राहतात. मुलं शांत राहिली की तुरुंग सुरळीत चालतो. म्हणजे दर शनिवारी मिस लुएला नकळत तुरुंग टिकवून धरत होत्या. हा युक्तिवाद पुढे आमच्या वार्षिक अंकात छापून आला. मिस लुएला यांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "बाळा, तुझी आई कुठे असते रे?" मी म्हणालो, कनेटिकटला. "जातोस ना भेटायला? मग तिकडचं काय काय टिकवून धरतोस तू?" त्यांच्या अनुभवाचा आदर म्हणून मी वाद घातला नाही.

त्यांना आम्ही रिकाम्या हाताने पाठवलं असं मात्र नाही. नियोजनासाठी अनुदान दिलं आणि त्यातून बॉस्टनचा एक नामांकित सल्लागार नेमला. त्याने अख्खा उन्हाळा अभ्यास करून निष्कर्ष काढला की या संस्थेची सर्वांत मोठी कमजोरी म्हणजे ती एकाच व्हॅनवर अवलंबून आहे, आणि तीही बंद आहे. निष्कर्ष सुंदर मांडला होता. मिस लुएला म्हणाल्या, "हे तर मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फुकटात." फुकटात सांगितलेलं आमच्या हिशेबतपासनीसांना चालत नाही.

त्यानंतर चित्रपट. कामाला वाचा फुटली पाहिजे असं ठरलं, आणि आम्ही मदर टॉलिव्हर यांच्यावर एक छोटा चित्रपट काढायला घेतला. दिग्दर्शकाला धावती व्हॅन हवी होती. व्हॅन धावत नव्हती, म्हणून ओढून नेणारी गाडी भाड्याने आणली, तिला व्हॅन जोडली, आणि ब्राँक्समधल्या ग्रँड काँकोर्स या हमरस्त्यावरून सकाळपासून चारदा फिरवली. मदर टॉलिव्हर यांना खिडकीशी बसवून हात हलवायला सांगितलं होतं. त्यांनी चर्चला जायची मोठी पांढरी टोपी घातली होती आणि मांडीवर थेरॉनसाठी भाजलेल्या केकचा डबा धरला होता, कारण गाडी खरंच वर चाललीय असं त्यांना वाटलं. चौथ्या फेरीला त्यांनी विचारलं, "लुएला, अजून शहरच दिसतंय का गं?" हा प्रसंग चित्रपटात घेतलेला नाही, लांबी वाढत होती. ओढगाडीचं भाडं गिअरबॉक्सच्या किमतीपुढे गेलं, पण ते 'कथन' या सदरात बसत होतं.

चित्रपट पाहून आमच्या देणगीदारांना इतकं भरून आलं, की त्यांना तो तुरुंग प्रत्यक्ष पाहायची इच्छा झाली. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा अभ्यासदौरा ठरला. मोठी बस केली. पाय लांब करायला जागा, ओटच्या दुधाची कॉफी, सगळी सोय. अर्धी बस रिकामीच राहत होती. ते कळल्यावर मिस लुएला यांनी मला फोन केला.

"कॅल्डर, बस तिथेच चाललीय ना?"

"हो, मिस लुएला."

"जागा आहे?"

"बरीच."

"मग मदरला ने. ती काही बोलणार नाही. खिडकीशी बसेल, बघून येईल."

मला खरोखर वाईट वाटलं. पण लाभार्थी व्यक्ती देणगीदारांसोबत एका बसने गेली तर हितसंबंध गुंतल्यासारखे होतात, पाहणी निःपक्षपाती राहत नाही, आणि दुसरं म्हणजे ती थेट सेवा ठरते. थेट सेवा आम्ही देत नाही. शिवाय विमा. मी म्हणालो, "आम्ही ऐकलं."

मग त्या म्हणाल्या, "निदान तू तरी त्याला नीट बघून ये. आणि येऊन तिला सांग."

मी शब्द दिला.

तुरुंगाच्या पहिल्या दाराच्या कुलुपावर आमच्या संस्थापकांचं नाव होतं. कॉर्डेलिया यांनी त्यावर हात ठेवला आणि आम्ही क्षणभर शांत उभे राहिलो. आत भेटीच्या खोलीत तुरुंगाधिकाऱ्यांनी थेरॉनला आणून बसवलं. मी मदर टॉलिव्हर यांचा निरोप दिला. तो बोलू लागला. लहानपणी आई त्याला रविवारी केस विंचरून चर्चला कशी न्यायची ते त्याने सांगितलं. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात काय झालं तेही. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, "भाऊ, तू तिला सांगणार आहेस ना मी कसा दिसतो ते? मग इकडे बघ की."

पण तो दुःख सांगत होता. तो आत येण्याआधीपासूनच आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि उजवे हात छातीवर होते. आयुष्यात इतकं खोल मी कधीच ऐकलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा वेळ संपली होती आणि त्याची पाठ दारातून आत चालली होती. परतताना बसमध्ये कुणीही कॉफी घेतली नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मी शब्द पाळायला ब्राँक्सला गेलो. मदर टॉलिव्हर खुर्चीत बसल्या होत्या, तोंड खिडकीकडे. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण माझ्या दिशेला नाही.

"आलास का बाळा? पाहिलंस त्याला? केस पिकलेत का रे? त्याच्या बापाचे लवकर पिकले होते. वाळलाय का?"

मी सांगू लागलो, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. मी कॉर्डेलिया यांना फोन लावला, मग दौऱ्यातल्या आणखी दोघांना. कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "मदर, त्याचा आवाज फार सुंदर आहे."

"आवाज मला माहितीय, बाळा," त्या म्हणाल्या. "त्याला बोलायला मीच शिकवलं."

मिस लुएला दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझा कोट आणून हातात दिला.

व्हॅन अजून ब्राँक्समध्येच रस्त्याच्या कडेला उभी आहे. दौरा मात्र यशस्वी ठरला. आमच्याकडे यश मोजतात ते किती माणसांना मनापासून भरून आलं यावर, आणि त्या हिशेबात बसमधली सगळी माणसं धरलेली आहेत. इथवर वाचताना तुम्हालाही आत काहीतरी हललं असेल, तर संकोच करू नका. डोळे मिटा, उजवा हात छातीवर ठेवा. तुम्हालाही आम्ही धरलं आहे.