पंजा ठेवा, मगच बोला

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर ब्लॉग लिहीत असे. हसू नका. जंगलातही माणसांइतकाच रिकामा वेळ असतो.

त्याचं नाव भालोबा. ओढ्याकाठच्या सपाट कातळावर तो स्वतःच्याच काट्याने लेख कोरायचा. गोड कंद कसे ओळखावेत, बिळातली हवा खेळती कशी ठेवावी, घुबडांशी बोलताना काय टाळावं, असे त्याचे विषय. लेखाखाली थोडी जागा मोकळी असे. कुणीही यावं आणि नखाने, चोचीने, शेपटीने, ज्याला जे असेल त्याने आपलं मत लिहावं.

आता, कुणीही यावं म्हटलं की कोण कोण येतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. मधमाश्या येऊन लिहायच्या, ‘सुंदर लेख. आमच्याकडे ताजा मध मिळेल.’ एक गांधीलमाशी प्रत्येक लेखाखाली ‘रद्दी’ एवढंच लिहून उडून जायची. नावसुद्धा लिहायची नाही.

आणि मंदाताई गोगलगाय यायची. ती कातळावर चढून एकेका ओळीवरून सरपटत जायची, त्यामुळे तिचा एकही शब्द सुटायचा नाही. वाचून झालं की खाली तिची चकाकती, चिकट अक्षरं उमटायची. ‘भालोबा, ओढा उत्तरेला वाहतो असं तू लिहिलंस. मी काठावरच राहते. तो दक्षिणेला वाहतो.’ भालोबा चरफडायचा. मग गुपचूप ओढ्यावर जाऊन पाहून यायचा आणि ओळ खोडून पुन्हा कोरायचा. मनातल्या मनात तो तिला कटकटी म्हणायचा.

एकदा त्याने हे सगळं गाऱ्हाणं खंडू माकडाला सांगितलं. खंडूचा वडाखाली मोठा कट्टा होता. सगळं जंगल संध्याकाळी तिथे जमायचं, एकमेकांची पिल्लं बघायचं, कुणी काय खाल्लं ते बघायचं आणि ‘वा’ म्हणायचं.

“सोपं आहे,” खंडू म्हणाला. “माझ्या कट्ट्यावर सगळ्यांच्या पंजांचे ठसे आहेत, खुरालाही आम्ही पंजाच म्हणतो. तुझ्या लेखाखाली मातीची एक ओली पाटी ठेव. कट्ट्याचा पंजा उमटवेल त्यालाच लिहू दे. नाव विचारायला नको, गाव विचारायला नको. निनावी टवाळखोर आपोआप बाहेर.”

“आणि तुला काय मिळणार?”

“मला काय मिळायचंय? कोण कुठे जातं, काय वाचतं आणि कुणाच्या बिळात किती दाणे आहेत, एवढं कळलं की मी समाधानी.”

भालोबाला ते फारच निःस्वार्थी वाटलं. त्याने पाटी ठेवली. वर कोरलं, ‘कट्ट्याच्या पंजाने आत या.’ खंडूने ओळख पटवायला एक खार बसवली.

मुलांनो, काय सांगू. मध विकणाऱ्या मधमाश्या बंद झाल्या. गांधीलमाशी गेली. आणि जंगलाची रीघ लागली. कारण आता जो लिहील त्याचं नाव कट्ट्यावरही झळकायचं. अस्वलाने लिहिलं, ‘वा.’ सांबराने लिहिलं, ‘वा वा.’ कोल्ह्याने लिहिलं, ‘भालोबा, तुमच्या लेखणीला सलाम,’ आणि तो वाघाला दिसेल अशा बेताने पंजा जरा मोठाच उमटवला.

मंदाताई मात्र पाटीपाशी अडली.

“पंजा ठेवा,” खार म्हणाली.

“मला पंजा नाही.”

“पंजा विसरला असाल तर दुसरा पंजा ठेवा.”

“अगं बाई, विसरले नाही. मला कुठलाच पंजा नाही. मी गोगलगाय आहे.”

“तशी सोय नाही,” खार म्हणाली आणि शेंग सोलू लागली.

मंदाताई परत गेली. वाचायला मात्र यायची, वाचायला पंजा लागत नव्हता. तिची अक्षरं दिसेनाशी झाली हे भालोबाच्या लक्षात आलं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं.

आता चूक दाखवणारं कुणी नव्हतं. मग भालोबाही ओढ्यावर जाऊन बघेनासा झाला. कावळ्याने काही सांगितलं की तो कोरून टाकायचा. अशाच एका सकाळी त्याने लेख कोरला, ‘लाल टोपीची अळंबी: आरोग्याचा खजिना.’ स्वतः चाखून बघायचं राहूनच गेलं. खाली ‘वा’चा पूर आला. हत्तीने लिहिलं, ‘अत्यंत उपयुक्त माहिती. घरच्यांनाही सांगितली.’

इतकं कौतुक वाचून भालोबाला भूक लागली. त्याने बिळाशेजारची लाल टोपीची एक अळंबी खाल्ली.

पुढचं सभ्य भाषेत सांगता येत नाही. दोन दिवस तो झुडपामागेच होता. तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि त्याला लेख आठवला. आपण तर एकच खाल्ली. अख्ख्या जंगलाने लेख वाचलाय. हत्तीने तर घरच्यांनाही सांगितलंय.

तो धावत सुटला. आधी अस्वल भेटलं.

“अस्वलदादा, ती अळंबी खाल्लीत का?”

“कुठली अळंबी?”

“माझ्या लेखातली.”

“हां, तो लेख. अप्रतिम होता,” अस्वल म्हणालं. “कशावर होता?”

सांबर ठणठणीत. कोल्हा ठणठणीत. हत्ती सहकुटुंब ऊस खात होता. भालोबा दारोदार फिरला आणि प्रत्येक दारी आधी त्याचा जीव भांड्यात पडला, मग चेहरा पडला. एवढ्या मोठ्या जंगलात कुणाचंही पोट बिघडलं नव्हतं. तो ओढ्याकाठी बसला आणि त्याला रडू आलं.

तेवढ्यात अळूच्या पानाखालून कण्हण्याचा आवाज आला. मंदाताई शंखात अंग पार आत ओढून बसली होती.

“मंदाताई, काय झालं?”

“पोट. आज तिसरा दिवस.”

भालोबा पानाखाली वाकला. “अळंबी?”

“लाल टोपीची.”

“म्हणजे लेख वाचलास?”

“शेवटपर्यंत. शेवट फार लांबलाय तुझा.” ती थोडी बाहेर आली. “मला शंका आली होती रे. विचारायला आले तर पंजा मागितला. मग म्हटलं, आता खाऊनच बघावं.”

भालोबाला स्वतःची लाज वाटली आणि, देवाशपथ, त्याहून जास्त आनंद झाला. मिठी मारावी असंही मनात आलं, पण साळिंदराने गोगलगायीला मिठी मारायची नसते. त्याने ओव्याचं पाणी आणलं, मीठ न घालता. मग तो खारीसमोर गेला आणि त्याने ती पाटी उचलून ओढ्यात फेकली.

दुसऱ्या दिवशी लेखाखाली एकच शब्द उमटला होता. ‘रद्दी.’ या खेपेला तो खरा होता.

तात्पर्य: मुलांनो, कुणाचंही लिखाण न वाचता मनापासून दाद द्यावी. प्रकृती उत्तम राहते.