दोन मनगटांवर चार वाजतात

गुरुवारी दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी रंगाच्या कारखान्यातल्या टाइमकीपरच्या लक्षात आलं, की तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली आहेत. पहिली वेळ त्याच्या डाव्या मनगटावर होती, दुसरी उजव्या. चार वाजता भोंगा वाजवायचा होता. ते त्याचं काम होतं आणि एकोणतीस वर्षं त्याने ते एका सेकंदाचीही चूक न करता केलं होतं. कामगार त्याला सेकंदराव म्हणत, तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि त्याला ते आवडे.

दोन्ही हातांत घड्याळं असण्याला कारण होतं. शनिवारी त्याचा सत्कार होता. मालकांनी ठरवलं, की अशा माणसाला घड्याळच द्यायचं, आणि असं द्यायचं की बघणाऱ्याने पुन्हा वळून बघावं. दुकानदाराने दोन नमुने पाठवले. एक सेलचं, म्हणजे क्वार्ट्झ. दुसरं चावीचं; आत नुसती चाकं आणि स्प्रिंगा. किंमत दोघांचीही सारखीच, म्हणजे विचारू नये अशी. आठ दिवस दोन्ही वापरा, आवडेल ते सांगा, तसंच नवं कोरं दुकानातून मिळेल. मात्र नमुन्याच्या काचेवरची पातळ फिल्म निघता कामा नये. पसंतीच्या घड्याळाच्या पाठीवर काय कोरायचं तेही मॅनेजरने लिहून दिलं होतं : 'एकोणतीस वर्षं, एकही चूक नाही.' निवड सांगायची मुदत गुरुवार, दुपारी चार.

घरात यावरून दोन पक्ष पडले. बायको सेलच्या बाजूने. "सेल घातला की दोन वर्षं बघायला नको," ती म्हणाली. तिचा भाऊ चावीच्या बाजूने. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, त्यामुळे ज्यात चाक आहे त्या प्रत्येक वस्तूवर आपला हक्क आहे असं त्याला वाटे.

"दाजी, सेलचं घड्याळ म्हणजे रोजंदारीवरचा माणूस. चावीच्यात जीव असतो. कानाला लावून बघा."

"जीव असतो म्हणूनच दमतं," बायको म्हणाली. "चावी द्यायला विसरलं की दीड दिवसात आडवं. घरात तसा एक आहे, दुसरा कशाला?"

एक म्हणजे कोण, ते मेहुण्याने विचारलं नाही.

सेकंदरावाने मत दिलं नाही. मत देणं त्याच्या स्वभावात नव्हतं, नोंद ठेवणं होतं. त्याने दोन्ही घड्याळं एकदम घातली. एकाला झुकतं माप नको म्हणून रोज हात बदलले. सकाळी आठला आणि दुपारी तीन बावन्नला वहीत फरक लिहिला. चरा पडू नये म्हणून दोन्हींवर रुमाल बांधले. फोरमनने पहिल्याच दिवशी विचारलं, "काय सेकंदराव, वहिनींनी दोन्ही हात पिरगाळले वाटतं?"

सात दिवस दोन्ही घड्याळं शहाण्यासारखी वागली. चावीचं रोज चार सेकंद पुढे जाई, ते तो रात्री रेडिओवरच्या ठोक्यांशी जुळवून घेई. त्यामुळे सोमवारी मॅनेजरने टाइम ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ सत्काराच्या स्टेजवर मांडायचं म्हणून पॉलिशला पाठवलं, तेव्हा त्याने हरकत घेतली नाही. "तुमच्या अंगावर दोन आहेत, भिंतीवर तिसरं कशाला?" असं मॅनेजर म्हणाला, आणि ते पटण्यासारखं होतं. त्याचं स्वतःचं जुनं घड्याळ तर मेहुण्याने आधीच खिशात घातलं होतं.

आता रुमाल सोडून तो दोन मनगटं शेजारी शेजारी धरून उभा होता. आज डाव्यावर सेलचं होतं, उजव्यावर चावीचं. दोन्ही सेकंदकाटे चालू होते. दोघांच्या चेहऱ्यावर अपराधाची खूण नव्हती.

कोणाला तरी विचारता आलं असतं. कारखान्यात जाताना कामगारांची घड्याळं गेटवरच्या कपाटात जमा होत, यंत्रात अडकू नयेत म्हणून, आणि कपाट भोंग्यानंतरच उघडे. पण जगात इतर माणसं होती. प्रश्न तो नव्हता. टाइमकीपरने 'किती वाजले' असं विचारणं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याने काठावरच्याकडे हात मागणं. त्याने गेटला फोन लावला आणि आवाज कडक केला.

"तुमच्याकडचं घड्याळ काय दाखवतंय? तपासणी आहे."

गेटकीपर गडबडला. "कुणी तक्रार केली का?"

"विचारलं तेवढं सांगा."

"चार वाजायला वीस."

"वीस?"

"आता तुमच्यापासून काय लपवायचं. सकाळी मी ते पुढे करतो, उशिरा येणारे सापडावेत म्हणून. दुपारी मागे घेतो, लवकर सटकणारे सापडावेत म्हणून."

"किती मागे?"

"ते आपलं त्या दिवशीच्या रागावर."

सेकंदरावाने फोन ठेवला. उजव्या मनगटावर चार वाजले. त्याचा हात भोंग्याच्या बटणाकडे गेला आणि डाव्या मनगटावरचे तीन चोपन्न बघून परत आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं ठीक होतं, हे त्याला आठवलं. जेवताना काचेवर डाग नको म्हणून त्याने दोन्ही घड्याळं काढून घरच्या टेबलावर ठेवली होती. त्याने घरी फोन लावला.

"अहो, या वेळेला कसा फोन?" बायको म्हणाली.

"ही कुठली वेळ आहे?"

"म्हणजे?"

"घड्याळांना कुणी हात लावला होता का?"

"हात नाही लावला. पुसली फक्त. सेलच्याची ती वेळ लावायची बाजूची कळ बाहेर आली होती, ती दाबली आत."

ती कळ बाहेर असली की काटे जागच्या जागी थांबतात. सेकंदरावाने डाव्या मनगटाकडे बघितलं. "किती वेळ बाहेर होती?"

"मला काय माहीत. मी काय तिच्यावर पहारा ठेवला होता? भाऊ बघत होता दोन्ही."

मेहुण्याने फोन घेतला. "दाजी, सेलचं राहू द्या. त्याला काही झालेलं नाही. चावीचं मी जरा पुढे केलंय."

"का?"

"मागे वाटलं."

"कशावरून?"

"तुमच्या हॉलमधल्या घड्याळावरून."

हॉलमधलं घड्याळ बायको मुद्दाम पुढे ठेवत असे, घरातल्यांनी वेळेवर निघावं म्हणून. किती पुढे, ते ती सांगत नसे. सांगितलं की लोक वजाबाकी करतात असा तिचा अनुभव होता.

"किती पुढे केलंस?"

"दाजी, मी कारागीर आहे, कारकून नाही. बोटाला कळतं तेवढं."

"काही केलेलं नाही त्याने," मागून बायकोचा आवाज आला. "नुसता कानाला लावून बसला होता."

"ताई, तुला दिसलं नाही."

"मला सगळं दिसतं."

"हॉलमधलं घड्याळ किती पुढे आहे, तेवढं सांग तिला विचारून," सेकंदराव म्हणाला.

पलीकडे कुजबुज झाली. "ती म्हणते, इतकी वर्षं नाही सांगितलं, आता सांगेन होय."

त्याने फोन ठेवला. बायको खरी असेल तर सेलचं मागे पडलं होतं. मेहुणा खरा असेल तर चावीचं पुढे गेलं होतं. लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत या दोघांत कोण खरं, ते त्याला एकदाही ठरवता आलं नव्हतं, आणि आता तीन मिनिटं उरली होती. किंवा वजा तीन.

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजर होता.

"दुकानात बसलोय. कोरणारा हत्यार धरून तयार आहे. सांगा, सेलचं की चावीचं?"

"साहेब, एक मिनिट."

"आठ दिवस दिले, अजून एक मिनिट कशाला?"

सेकंदरावाने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदाच नोंदवहीशिवाय विचार केला. चावीचं खरं असेल, तर चार केव्हाच वाजून गेले होते, भोंगा चुकला होता आणि घड्याळावर कोरायचं वाक्य खोटं ठरलं होतं. सेलचं खरं असेल, तर अजून काहीच बिघडलं नव्हतं. तेव्हा सेलचंच खरं होतं. विचार इतका सरळ होता, की आधी का सुचला नाही याचं त्याला नवल वाटलं.

"सेलचं," तो म्हणाला.

"नक्की?"

"माझा शब्द."

डाव्या मनगटावर बरोबर चार वाजले आणि त्याने बटण दाबलं. भोंगा नेहमीसारखाच वाजला; लांब, भरदार, शंकेला जागा न ठेवणारा. यंत्रं थांबली. हात पुसत माणसं बाहेर पडू लागली. फोरमन खिडकीशी थांबला.

"आज चार वाजायला फार वेळ लागला बुवा."

सेकंदरावाने वही पुढे ओढली.

"कंटाळ्याचा दिवस," फोरमन म्हणाला आणि गेला.

सेकंदरावाने रुमालाने मान पुसली. कोणी काही बोललं नव्हतं. गेटवर कपाट उघडलं होतं. वहीत आजच्या रकान्यात काय लिहावं याचा तो विचार करत असतानाच फोन पुन्हा वाजला.

"सेकंदराव, घोटाळा झालाय," मॅनेजर म्हणाला.

"कसला, साहेब?"

"अहो, हा दुकानदार रोज चारला तुमच्या भोंग्यावर आपली घड्याळं तपासतो. आज बघतो तर सेलची सगळी सहा-सहा मिनिटं पुढे. एकजात सगळी. काल ठीक होती म्हणतो."

सेकंदरावाने खुर्चीचा हात धरला. "आणि चावीची?"

"तीही सहाच. पण त्यांच्याबद्दल तो काही बोलत नाही. चाकं आहेत, पुढे जायचीच, म्हणतो. सेलच्यावर मात्र भडकलाय. अचूक म्हणून विकतात आणि सहा मिनिटं."

"मग... मग तो काय करतोय?"

"काय करणार? भोंगा थोडाच चुकतो? दोन माणसं बसवलीत, सगळी मागे करतायत. पोस्टमास्तर चष्मेवाल्याकडे आले होते शेजारी, ते ऐकून पोस्टाचं घड्याळ मागे करायला गेले. शाळेलाही निरोप गेलाय. आणि सेलची सगळी खेप हा कंपनीला परत पाठवतोय. पत्र लिहायला घेतलंय. एकोणतीस वर्षं न चुकलेल्या भोंग्याची साक्ष काढलीय त्यात. खाली तुमची सही लागेल म्हणतो."

सेकंदरावाची नजर खिडकीकडे गेली.

"ऐकताय ना? माझं म्हणणं, सेलचं रद्द करू. परवा मालकांसमोर सहा मिनिटं पुढे पळालं तर शोभा होईल. चावीच्यावर कोरायला सांगतो. तसं याने सेलच्यावर सुरुवात केली होती, पण 'एकही' पर्यंतच आला होता, तेवढ्यात मी हात धरला. आता तुम्ही काय ते बोला. शेवटी वेळेतलं कळतं ते तुम्हालाच."

खिडकीतून गेट दिसत होतं. कपाटाभोवती घोळका होता. कामगार आपापली घड्याळं हातात घालत होते, कानाला लावत होते, एकमेकांना दाखवत होते आणि मान हलवत एकेक जण काटे मागे करत होता. गेटकीपर स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढत होता.

"साहेब," सेकंदराव म्हणाला.

"बोला."

डाव्या मनगटावर चार वाजून सहा मिनिटं झाली होती, उजव्यावर चार बारा. दुकानात कोरणारा हत्यार उचलून वाट बघत होता, आणि दोन्ही टोकांना फोन अजून कानालाच होता.